बोका अंतराळात

आमच्या घरात बोका आला तो केबलच्या वायरीतून. आमच्या गल्लीचा केबलवाला पप्पू भिया, म्हणजे पप्पू भैया. आधी त्याचं पंक्चर काढायचं दुकान होतं. मग देश खुला झाला असं पेपरात आलं आणि त्यानं दुकानाच्या पत्र्यावर भलीमोठी डिश चढवली. देश नेमका कुठून खुला झाला ते आम्हाला काही समजलं नाही, कारण आमच्या मिलचं फाटक त्याच सुमाराला बंद झालं होतं. पण पप्पू भियानं वायर आमच्या कठड्यावरून पुढे चार घरांत नेली आणि त्याबद्दल आम्हाला कनेक्शन फुकट दिलं. आई म्हणाली, "घरात एक माणूस बेकार बसलंय, त्यात हा डबा चोवीस तास बोलणार. छान!" बेकार बसलेलं माणूस म्हणजे माझे बाबा. ते तेव्हा बाजेवर बसून पेपर वाचत होते आणि त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. हे त्यांना फार सुरेख जमायचं.

बाबा मिलच्या टाइम ऑफिसात बाबू होते. लोक वेळेवर येतात-जातात की नाही हे बघायचं, ही त्यांची नोकरी. खरा जीव मात्र नाटकात. गल्लीतल्या मराठी मंडळींनी गणपतीत बसवलेल्या नाटकांत राजा, सेनापती, फार तर एखादा तत्त्वनिष्ठ न्यायाधीश, याखाली ते उतरले नाहीत. एकदा कोणीतरी त्यांना हवालदाराचं काम देऊ केलं, तर दोन दिवस घरात बोलले नव्हते. आवाज मात्र खरंच खणखणीत. ओसरीतून "नंदा, पाणी आण" म्हणाले की माझ्याबरोबर तीन घरं पलीकडची नंदा पण पाणी घेऊन निघायची.

मिल बंद झाली, पण हजेरी बंद झाली नाही. कोणा वकिलानं सांगितलं होतं की रोज सकाळी फाटकावर जाऊन उभे राहा, सही करा, म्हणजे कोर्टात म्हणता येईल की आम्ही काम सोडलेलं नाही, कामानं आम्हाला सोडलंय. त्यामुळे बाबा रोज पोहे खाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, बंद फाटकावर कामाला जायचे. तिथे त्यांच्यासारखे बाकीचे जमलेले असायचे. टेबल टाकून बाबा सगळ्यांच्या हजेऱ्या घ्यायचे, उशिरा येणाऱ्याला रागवायचे सुद्धा. बंद मिलला उशीर झाला म्हणून बोलणी खाणारे लोक जगात आमच्या इंदूरशिवाय कुठे असतील असं मला वाटत नाही. आणि ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे, हे त्याहून विशेष.

इकडे घर आईच्या फॉल-पिकोच्या मशीनवर चाललं होतं. ती मशीन चालवताना तोंडही चालवायची आणि दोन्हींचा वेग एकच असायचा. तिचा भाऊ, माझा दत्तूमामा, सांवेर रोडच्या एका बिस्किटाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्यानं बाबांसाठी तिथे गेटवर टाइमकीपरची जागा बोलून ठेवली होती. "जिजाजी, काम तेच, घड्याळ तेच, फक्त फाटक उघडतं," असं तो म्हणायचा. बाबांना हे फार लागायचं. दुसरीकडे कामाला लागलं की मिलच्या फाटकावरून नाव गेलं, आणि टाइम ऑफिसचा बाबूच गेला म्हटल्यावर बाकीच्यांनी कोणाच्या तोंडाकडे बघून उभं राहायचं? "मी हललो की मिल मेली," बाबा म्हणायचे. आई म्हणायची, "आणि नाही हललात तर आम्ही." शेवटी तोड निघाली ती अशी की अनंत चतुर्दशीपर्यंत थांबायचं. तोवर मिलचं काही झालं तर ठीक, नाहीतर सांवेर रोड. मामानं तिकडे जागा कशीबशी धरून ठेवली.

तर बोका. पप्पू भिया दुपारी दोन सिनेमांच्या मध्ये कॅसेट बदलायला वेळ मिळावा म्हणून एक कार्टून लावायचा, आणि त्याच्याकडे कार्टून होतं एकच. एक बोका एका उंदराच्या मागे लागतो, भांडी फोडतो, शेपटी भाजून घेतो. उंदीर पळता पळता एका रॉकेटमध्ये शिरतो, बोकाही शिरतो, रॉकेट उडतं. मग अंतराळ. तिथे ना खाली ना वर. बोक्यानं डोक्यावर माशाची काचेची हंडी घातलेली, मासा अजून आतच, बोक्याच्या नाकासमोर पोहतोय. बोका जीव तोडून चारी पायांनी धावतो आणि आहे तिथेच राहतो. उंदीर उलटा होऊन निवांत तरंगत चंद्रावर जातो, कारण चंद्र म्हणे पनीरसारख्या कशाचा तरी असतो. आई मशीन थांबवून म्हणाली, "एवढ्या लांब पनीर खायला? सराफ्यातल्या खाऊगल्लीत काय कमी मिळतं?" हल्ली माझा नातू इंदूरबाहेर राऊला आमच्या फ्लॅटमध्ये जेवताना मोबाइलवर असलंच काहीतरी बघतो, त्याशिवाय त्याचा घास उतरत नाही, आणि माझी सून मला म्हणते, आई, तुम्हाला नाही कळणार हे. मी नातवाला पुढचा घास भरवते. मला जेवढं कळलंय तेवढं तिला सांगायला लागले तर तिचं ऑफिस बुडेल.

बाबा पहिल्या दिवशी म्हणाले, "बाष्कळपणा!" दुसऱ्या दिवशी पेपरच्या वरून बघितलं. पुढच्या आठवड्यात आम्ही बोललो तर "शू" करायला लागले. एक दिवस बोका हवेत धावत होता, पाय दिसेनासे झाले इतका धावत होता, आणि बाबा बाजेवरून ताडकन उठले. "अगं, हे तर आपलं चाललंय! रोज फाटकावर जातो, घाम गाळतो, आणि आहोत तिथेच!"

"हे कळायला तुम्हाला बोका लागला?" आई म्हणाली. "मी मार्चपासून सांगतेय."

पण बाबा ऐकायच्या पलीकडे गेले होते. त्यांना झांकी दिसली होती.

इंदूरबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. आमच्याकडे अनंत चतुर्दशीला प्रत्येक मिलची झांकी निघते. ट्रॉलीवर देखावा, हलणारी चित्रं, लखलख दिवे, पुढे ढोल, आखाडे. सगळं शहर रस्त्यावर. सांवेरकडची माणसं ट्रॅक्टर भरून येतात आणि फुटपाथवर चादरी टाकून जागा धरतात. पूर्वी झांकीचा खर्च मिलचा सेठ करायचा. मग मिला बंद पडल्या, पण झांक्या बंद पडल्या नाहीत. कामगार वर्गणी मागून काढायला लागले. ज्या मिलची झांकी निघाली नाही ती मिल गेली, असा सगळ्या शहराचा हिशेब. आमच्या मिलच्या समितीचे अध्यक्ष बाबा.

समितीची बैठक आमच्या ओसरीवर भरली. रामलखन काका, म्हणजे विणाई खात्यातले जुने जॉबर, जे झांकीचं सगळं बांधकाम बघायचे, ते म्हणाले, "बाबूजी, इस साल भी किशन-लीला रखो. पिछले साल की पूतना पड़ी है, रंग मार देंगे."

बाबा उभे राहिले. बसून बोलणं त्यांना जमतच नसे. "पूतना की बिल्ली बना दो," ते म्हणाले. मग त्यांनी सगळं समजावलं. चंद्रावर आपली मिल, चंद्रावर चिमणी. उंदीर म्हणजे मजूर, तो बिचारा रॉकेटमधून आपल्या मिलकडे निघालाय. बोका म्हणजे सेठ आणि सरकार. झांक्या बघायला मंत्रीजी मंचावर बसतात, तिथे ट्रॉली थांबेल, उंदीर चिमणीवर चढेल आणि माईकवरून एकच वाक्य येईल: "हमारी मिल चालू करो!" हे वाक्य बाबांनी अशा आवाजात म्हटलं की समोरच्या घरातलं बाळ रडायला लागलं. समितीनं टाळ्या वाजवल्या. मंत्री ऐकतील, दुसऱ्या दिवशी पेपरात येईल, फाटक उघडेल, याबद्दल ओसरीवर कोणाला शंका उरली नाही. आई आतून चहाचा ट्रे माझ्या हातात देताना पुटपुटली, "फाटक उघडायला किल्ली लागते, बिल्ली नाही."

पहिली अडचण काढली पंडितजींनी. ते मिलच्या आवारातल्या मारुतीचे पुजारी. म्हणाले, "गणेशजी के वाहन के पीछे बिल्ली छोड़ोगे? वो भी विसर्जन के दिन? पाप लगेगा भिया." मिल बंद असताना वर पाप कोणाला परवडणार? शेवटी ठरलं की उंदराच्या कपाळाला टिळा लावायचा, हातात मोदक द्यायचा, आणि बोक्यानं त्याच्या जवळ फिरकायचं सुद्धा नाही. मोठं चाक करायचं, मोटरीवर फिरणारं. त्याच्या या टोकाला उंदीर, बरोबर समोरच्या टोकाला बोका. दोघं फिरत राहतील, अंतर कमी होणार नाही, धर्म बुडणार नाही. पंडितजींनी स्वतः दोरी लावून दोन्हीकडचं अंतर सारखं आहे का ते बघितलं.

दुसरी अडचण म्हणजे नमकीनवाले सेठ. मल्हारगंजात त्यांचं शेवेचं मोठं दुकान. जनरेटर आणि प्लायवूड ते देणार होते, पण अट अशी की रॉकेट त्यांच्या शेवेच्या पुड्यासारखं रंगवायचं. बाबा संतापले. "मजुरांच्या व्यथेवर शेवेची जाहिरात?" मग जनरेटरशिवाय बोका फिरणार कसा, असं रामलखन काकांनी विचारल्यावर ते म्हणाले, "लहान अक्षरात करा." सेठचा पेंटर आला आणि त्यानं लहान अक्षरं अशी केली की राजवाड्यावरून वाचता यावीत. जाता जाता चंद्रालाही त्यानं शेवेचा पिवळा रंग दिला. सेठ खूश झाले आणि समितीला दोन डबे लौंगवाली शेव पाठवली.

बोका मात्र झकास झाला. पूतनेचे हात आखडून पाय केले, तोंडाला मिशा लावल्या, आणि अंगाला गोदामात उरलेला सगळा कापूस चिकटवला. आमच्या मिलचा शेवटचा माल बोक्याच्या अंगावर गेला. त्याच्या डोळ्यांत पूतनेचा थोडा भाव राहिला होता, त्यामुळे तो उंदराकडे बघण्याऐवजी त्याला दूध पाजायला निघाल्यासारखा दिसायचा. आवाजाची कॅसेट टेपमध्ये सारखी गुंडाळली जात होती, म्हणून ठरलं की चंद्राच्या आत माईक घेऊन माणूस बसेल आणि बोक्याचे आवाज तोच काढेल. कोण बसेल? शेवटचं वाक्य ज्याला म्हणायचं त्यानंच बसावं हे उघड होतं. राजा आणि सेनापती करणारे माझे बाबा आठ दिवस ओसरीवर म्याँवचा रियाज करत होते. खरं सांगते, अप्रतिम करायचे. रागाचं म्याँव वेगळं, भुकेचं वेगळं, शेपटी भाजल्याचं वेगळं. गल्लीतल्या खऱ्या मांजरी कठड्यावर येऊन बसायच्या आणि त्यांना मान द्यायच्या.

चाचणीच्या दिवशी मोटर सुरू झाली, चाक फिरलं. आई बघायला आली होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "अहो, पण कोण कोणाच्या मागे लागलंय?"

बाबांनी चाकाकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. उंदीर बोक्याच्या पुढे होता आणि मागेही तेवढाच होता. पंडितजींच्या कृपेनं अंतर दोन्हीकडून अगदी सारखं होतं. "ज्याला कळायचं त्याला कळेल," बाबा म्हणाले आणि मोटर बंद करायला सांगितली.

चतुर्दशीला आमचा नंबर पहिल्या काहींत होता, त्यामुळे दिवेलागणीलाच ट्रॉली मंचासमोर आली. मी आणि आई मंचाच्या बाजूच्या दोरीला धरून उभ्या होतो. दत्तूमामाही आला होता, भुट्ट्याचं कणीस खात. झांकीमागे मिलची माणसं चालत होती, धुतलेले कपडे, टोप्या, आणि सगळ्यांचे चेहरे असे की आता निकाल लागणार. वर मंत्रीजी, गळ्यात हार घालून घालून मान दिसेनाशी झालेले. चाक सुरू झालं. चंद्रातून पहिलं म्याँव आलं आणि समोरच्या चादरींवरची पोरं किंचाळून उठली. बाबांनी दुसरं म्याँव केलं, भुकेचं. लोक हसून हसून एकमेकांवर पडायला लागले. "एक और! एक और!" एवढी गर्दी बाबांना कोणत्याही नाटकात मिळाली नव्हती. त्यांनी शेपटी भाजल्याचं केलं, मग मनानं रचून मासा नाकासमोर आल्याचं केलं. शेवटच्या फेरीला चाकावरचा उंदीर चिमणीच्या टोकाशी यायची वेळ आली, बाबांनी राजाचा आवाज लावायला श्वास घेतला, तो आम्हाला माईकमधून ऐकू पण आला, आणि तेवढ्यात पोलिसानं शिट्टी मारली, "आगे बढ़ाओ, आगे बढ़ाओ!"

ट्रॅक्टर हलला असता तर तिथेच संपलं असतं, आणि पुढची सगळी वर्षं बाबा म्हणत राहिले असते की पोलिसानं घात केला. पण मंत्रीजींनी हात वर केला. "रोको भाई. बिल्ली कौन है? ऊपर बुलाओ."

चंद्राच्या मागच्या दारातून बाबा बाहेर आले. केसांत कापूस, नाकाला पिवळा रंग. मंचावर चढले तेव्हा मागची मिलची माणसं पुढे सरकली. रामलखन काका ओरडले, "बोलो बाबूजी!" मंत्रीजींनी आधी स्वतः माईक घेतला. म्हणाले, "देखिए भाइयो-बहनो, कितना सुंदर संदेश है! बिल्ली चूहे के पीछे नहीं, चूहा बिल्ली के पीछे नहीं. दोनों साथ-साथ घूम रहे हैं! यही तो नया ज़माना है. मालिक-मज़दूर साथ मिलकर अंतरिक्ष की ओर!" टाळ्यांचा कडकडाट झाला. नमकीनवाले सेठ दुसऱ्या रांगेत बसले होते, तेही उठून टाळ्या वाजवायला लागले. मग मंत्रीजींनी बाबांच्या हातात बालमनोरंजनाची ढाल दिली आणि माईक त्यांच्या तोंडासमोर धरला. "आप भी दो शब्द कहिए."

झालं. हीच ती वेळ. समोर मंत्री, हातात माईक, खाली अख्खी मिल. बाबांनी छाती भरून घेतली. आई माझा हात इतका दाबत होती की बांगडी रुतली. आणि कुठून तरी चादरीवरून एक बारीक आवाज आला, "अंकल, म्याऊँ करो ना!" लोक हसले. आणखी चार पोरं ओरडली. मंत्रीजी पण हसले, त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली, "हाँ हाँ, बच्चों का मन रख लो."

बाबांनी खाली मिलच्या माणसांकडे बघितलं. मग मंत्र्यांकडे बघितलं. आणि त्यांच्या तोंडून म्याँव निघालं. लांबलचक, सुरेल, आठ दिवसांच्या रियाजातलं सगळ्यात उत्तम. लोकांनी टोप्या उडवल्या. आमच्या मिलची माणसंही हसत होती, टाळ्या वाजवत होती, काहींचं डोळे पुसणं चाललं होतं आणि ते हसण्यानंच होतं. मला इतकं वाईट वाटलं की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. आई हसली नाही. मामाही कणीस हातात धरून तसाच उभा राहिला, आणि त्या एका गोष्टीसाठी मी त्याला आयुष्यभर मानलं.

सकाळी बाबा पोह्यांची प्लेट समोर घेऊन बसले होते. नाकाचा पिवळा रंग नीट गेला नव्हता. ढाल आईनं कुठे ठेवली होती कोण जाणे. ते म्हणाले, "वाक्य तोंडापर्यंत आलं होतं गं."

"मी बघितलं," आई म्हणाली.

"पण त्यांनी दुसरंच मागितलं. आणि मी बाबू आहे. वरून जे मागतील ते द्यायचं, सगळी नोकरी हेच तर केलं." त्यांचा तो खणखणीत आवाज कुठे गेला होता देव जाणे. आईनं एरवी काहीतरी टोचून म्हटलं असतं. त्या दिवशी तिनं त्यांच्या पोह्यांवर शेव घातली, लिंबू पिळलं आणि शेजारी बसून राहिली.

तेवढ्यात रामलखन काका आले. आनंदात होते. "बाबूजी, क्या म्याऊँ मारी कल! पूरे शहर में अपनी मिल का नाम हो गया. चलो, हाज़िरी का टैम हुआ."

बाबा उठले. इस्त्रीचा शर्ट घातला, चपला घातल्या. दारात दत्तूमामा येऊन उभा होता. बाबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा काकांकडे. सगळ्या नोकरीत त्यांनी कोणाला दुसऱ्याच्या नावाची हजेरी लावू दिली नव्हती. त्यापायी सख्ख्या चुलत भावाशी वैर घेतलं होतं, एका लग्नातून न जेवता उठून आले होते.

काकांच्या खांद्यावर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "रामलखन, आज मेरी तुम लगा देना."

आणि ते मामाच्या मागोमाग सांवेर रोडच्या टेम्पोकडे निघाले.